मेथी की कढीपत्ता? इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवर हॉर्सशू व्हेच शोधताना

इंग्लंडला राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी ससेक्समधल्या एका टेकडीवर गुडघे टेकून एका पिवळ्या फुलाचे चाळीसेक फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर ‘हॉर्सशू व्हेच सापडली!’ म्हणून पाठवून दिले. पुढचा अख्खा उन्हाळा मी भेटेल त्याला तेच फूल दाखवत होते. ऑगस्टमध्ये त्या झाडाला शेंगा धरल्या. सरळसोट, पक्ष्याच्या पंजासारख्या फाकलेल्या. घोड्याच्या नालेचा कुठे पत्ता नाही. चाळीसच्या चाळीस फोटो दुसऱ्याच झाडाचे निघाले.

नव्याने रानफुलं बघायला लागलेल्या प्रत्येकाची इथे अशीच फसगत होते, कारण मे-जूनमध्ये या टेकड्यांवर वाटाण्याच्या कुळातली पिवळी फुलं एकमेकांत मिसळून फुललेली असतात. तुमचा एक उन्हाळा वाचावा म्हणून मला जमलं ते क्रमाने सांगते. रोख हॉर्सशू व्हेचवर, म्हणजे हिप्पोक्रेपिस कोमोसावर. हिप्पोस म्हणजे घोडा, क्रेपिस म्हणजे पादत्राण, असं हे ग्रीक नाव. मराठीत हिला नाव नाही, कारण आपल्याकडे ती उगवतच नाही. आमच्या घरात मात्र ती आता ‘नालवाली’ झाली आहे.

पायरी १: फूल राहू द्या, आधी जमीन बघा

हॉर्सशू व्हेच कुठेही उगवत नाही. तिला चुन्याची जमीन लागते, म्हणजे एक तर खडूची टेकडी किंवा चुनखडीचा उतार. इंग्लंडच्या दक्षिणेला नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. ‘डाउन’ नावाच्या जागी चढून जायचं ही गंमत सुरुवातीला पचनी पडत नाही, पण हा शब्द टेकडीसाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला आहे.

हा खडू खराखुरा. शाळेत आपण वापरायचो तो बहुतेक जिप्समचा असतो. इथला खडू म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांच्या चुन्याच्या कवचांचा तळाशी साचत गेलेला गाळ, साधारण १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. तो काळ जिथे संपतो, साधारण तिथेच आपल्या दख्खनवर लाव्हाचे थर पसरत होते. सह्याद्रीचा काळा कातळ आणि इंग्लंडचा पांढरा खडू यांच्या वयाची शिव अशी एकमेकांना लागून आहे, हे कळल्यापासून मला या टेकड्या तितक्याशा परक्या वाटत नाहीत.

जागा खडूची आहे का, याची खात्री करायला पायवाटेवरचा एक पांढरा खडा उचला आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. बारीक फेस आला तर चुना आहे. गारगोटीवर काही होत नाही, आणि खडूत काळ्या-करड्या गारगोट्या भरपूर असतात, तेव्हा खडा बघून घ्या.

आता उतार. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार शोधा, फोनमधला कंपास पुरतो. या झाडाला ऊब हवी असते आणि इंग्लंडात ऊब दक्षिण उतारावर मिळते. आपण आयुष्यभर सावली शोधत चाललेली माणसं, इथे उन्हात तापणारी बाजू धरायची हे पायांना शिकवावं लागतं.

शेवटी गवताची उंची बघा. गवत घोट्याच्या वर असेल तर पुढे चला. मेंढ्यांनी किंवा सशांनी कुरतडून सतरंजीसारखं केलेलं, बोटाच्या एक-दोन पेरांएवढं गवत दिसलं की थांबा. अशा ठिकाणी मातीचा थर जेमतेम काही इंचांचा असतो, पाणी झरझर खाली जातं, खत म्हणावं असं काही नसतं. दांडग्या गवताला तिथे फोफावता येत नाही, आणि म्हणूनच बारक्यांना जागा मिळते. चांगल्या जागी एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मोजल्या जातात. कास पठार पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. तिथला कातळ जांभा, इथला खडू, रसायन उलटं, पण तिथेही पातळ मातीमुळे झाडं-झुडपं मागे हटतात आणि फुलांचं फावतं.

नवख्यांसाठी दोन जागा सांगते. लंडनहून जाणाऱ्यांनी सरेतलं बॉक्स हिल धरावं. व्हिक्टोरिया किंवा वॉटर्लूहून बॉक्स हिल अँड वेस्टहम्बल स्टेशन तासाभरात येतं, पुढे चढ मात्र दमवणारा आहे. दुसरी जागा ससेक्समधल्या ल्युइस गावाबाहेरचं मॉलिंग डाउन. व्हिक्टोरियाहून थेट गाडी, स्टेशनपासून पायी साधारण अर्धा तास. माझा कौल मॉलिंग डाउनला, कारण बॉक्स हिलवर रविवारी सायकलवाले आणि सहलीची गर्दी इतकी असते की गुडघे टेकून बसलेल्या माणसाला तीनदा तरी ‘काही हरवलंय का?’ असं विचारलं जातं. डॉर्सेटकडे असाल तर स्वॉनेजजवळचं डर्लस्टन बघा. तिथे समुद्राच्या कडेला चुनखडीवर हेच झाड भेटतं.

पायरी २: पिशवीत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार डोळ्याला लावतो तसलं. बसायला जाड गोणपाट किंवा योगाच्या चटईचा तुकडा. टोपी, पाणी. पायात लांब मोजे आणि विजार मोज्यात खोचलेली, कारण मेंढ्या-हरणांच्या जागी गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे आणि कमरेपाशी नीट बघा. चावल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर ‘जाईल आपोआप’ म्हणत बसू नका, जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करा.

पायरी ३: पान वाचा

खरं ओळखणं इथे सुरू होतं. फुलाकडे मुळीच बघू नका. अवघड आहे, माहीत आहे. हाताने फूल झाका आणि त्याच्या खालचं पान बघा.

मला फसवणाऱ्या झाडाचं नाव बर्ड्‌स-फूट ट्रीफॉइल. ते सगळीकडे असतं, खडूवर, रस्त्याकडेला, फुटबॉलच्या मैदानाच्या कडेलासुद्धा. त्याच्या पानाला खरं तर पाच पानोळ्या, म्हणजे एकाच पानाचे सुटे छोटे भाग, असतात, पण खालच्या दोन देठाच्या अगदी बुडाशी चिकटलेल्या, त्यामुळे डोळ्याला तीनच दिसतात. म्हणजे मेथीचं पान.

हॉर्सशू व्हेचचं पान वेगळ्याच घडणीचं. मधे एक बारीक शीर, तिच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर पानोळ्यांच्या जोड्या आणि शेंड्याला एकटी एक. कुठे चार जोड्या, कुठे सहा-सात. माझी आई दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आली होती. तिला मी अर्धा तास समजावत होते, तेवढ्यात ती वाकली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाली, “अगं, हा तर बाहुलीच्या घरचा कढीपत्ता.” त्यानंतर मला कुणाला काही समजवावं लागलेलं नाही. मेथी असेल तर सोडा, कढीपत्ता असेल तर बसा.

बाहुलीच्या घरचा म्हणजे खरंच तेवढाच. अख्खं पान तुमच्या करंगळीहून लहान असू शकतं, एकेक पानोळी जिऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. झाड जमिनीलगत पसरतं, बूड लाकडासारखं टणक, मूळ खोल गेलेलं. वरून हाताएवढा दिसणारा ठिगळासारखा पुंजका बरीच वर्षं तिथे ठाण मांडून बसलेला असू शकतो, म्हणून त्यावर चटई टाकू नका.

पायरी ४: आता फूल

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत बहर असतो. उंच, बिनपानांच्या दांड्याच्या टोकाला पाचापासून दहा-बारापर्यंत फुलं, छत्रीच्या काड्यांसारखी गोल मांडलेली. एकेक फूल बघितलं की तुरीचं फूल आठवावं, तीच घडण. मागे उभी पाकळी, बाजूला दोन, पुढे होडीसारखा तळ. उभ्या पाकळीवर भिंगातून तुरीसारख्याच फिकट तांबूस रेघा दिसतात. पाकळ्यांना बुडाशी बारीक देठ असतात, त्यामुळे बाजूने बघितलं तर फूल बुडाशी किंचित सुटं, मोकळं वाटतं. पिवळा रंग लिंबाकडे झुकणारा.

ट्रीफॉइलच्या गुच्छात फुलं कमी, क्वचितच सातच्या वर, पण जास्त भरीव. त्याच्या कळ्या बहुधा लालसर-केशरी असतात. त्या लाल-पिवळ्या रंगांवरून इंग्रज लोक त्याला ‘बेकन अँड एग्ज’ म्हणतात. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. निव्वळ पिवळं ट्रीफॉइलही असतं, मी त्यालाच फसले होते.

बाकीची भावंडं पटकन निकालात निघतात. कळ्यांच्या बुडाशी पांढरी कापसासारखी लव आणि फुगीरपणा असेल तर ती किडनी व्हेच. झाड दुसऱ्याच्या अंगावर चढत असेल आणि पानाच्या टोकाला वाटाण्यासारखा ताणा असेल तर मेडो व्हेचलिंग. मसुरीच्या दाण्याएवढ्या फुलांचे इवलेसे गोंडे आणि मेथीसारखं पान असेल तर ब्लॅक मेडिक किंवा हॉप ट्रीफॉइल. आणि पाच पाकळ्यांचं, चुरगळलेल्या पतंगाच्या कागदासारखं पिवळं फूल असेल तर ते या कुळातलंच नाही, ते रॉक-रोझ. ते बघून मात्र घ्या, सुंदर असतं आणि त्याच उतारावर असतं.

पायरी ५: जुलैत परत या

एका भेटीत झाड ओळखण्याचा हट्ट धरू नका. मला विचाराल तर फुलापेक्षा शेंग महत्त्वाची, आणि शेंगेसाठी जुलै किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा चढावं लागतं.

तोवर पिवळा रंग गेलेला असतो. आधीची जागा सापडत नाही, म्हणून मेमध्येच खूण करून ठेवा. दगड रचून नव्हे, फोनमध्ये जागा साठवून आणि आजूबाजूचा एक फोटो काढून, ज्यात कुंपणाचा खांब किंवा झाड येईल. तिथे जाऊन कढीपत्ता शोधा आणि मग दांड्याच्या टोकाला बघा.

शेंग एक ते तीन सेंटिमीटर लांबीची, चपटी आणि नागमोडी. बाभळीची शेंग कशी दाण्यादाण्याला आवळलेली असते, तशीच ही आवळलेली, फक्त एकाच बाजूने खोल चावा घेतल्यासारखी. पिकून तपकिरी झाली की ती आपोआप तुकड्यातुकड्यांनी सुटते. प्रत्येक तुकड्यात एकच बी, तीही वाकडी, आणि तुकड्याचा आकार हुबेहूब नालेचा. जमिनीवर गळून पडलेले असे तुकडे सापडतात, झाडावरची शेंग तोडायची गरज नसते. आमच्या वाड्याच्या उंबऱ्याला घोड्याची नाल ठोकलेली होती. पहिल्यांदा तो तुकडा तळहातावर घेतला तेव्हा मी ती नाल ठोकायला खिळा किती बारीक लागेल याचा विचार करत बसले होते.

तुम्ही जे बघताय त्याची शेंग सरळ, गोल, आणि तीन-चार एकत्र पंजासारख्या फाकलेल्या असतील, तर माझ्या चाळीस फोटोंच्या क्लबात तुमचं स्वागत.

पायरी ६: निळ्या पाखरांकडून खात्री करून घ्या

या झाडाचा खरा दबदबा फुलापेक्षा फुलपाखरांमुळे आहे. ब्रिटनमध्ये अडॉनिस ब्लू आणि चॉकहिल ब्लू या दोन निळ्या फुलपाखरांच्या अळ्या या एकाच झाडाची पानं खातात. नालवाली नाही तर ही दोन्ही नाहीत.

अडॉनिस ब्लूचा नर म्हणजे निळ्या रंगाची कमाल. शिशिरातलं स्वच्छ आकाश पंखावर फासल्यासारखा. त्याच्या वर्षाला दोन पिढ्या उडतात, एक मेच्या मध्यापासून जूनपर्यंत आणि दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. चॉकहिल ब्लूची एकच पिढी, जुलै ते सप्टेंबर. नर दुधाळ, फिकट निळा. माद्या दोन्हींच्या तपकिरी, त्यांना बघून नवख्याने डोकं शिणवू नये.

इथे आणखी एक फसवणूक आहे. कॉमन ब्लू नावाचं तिसरं निळं फुलपाखरू त्याच उतारावर असतं आणि त्याच्या अळ्या मुख्यतः आपल्या त्या मेथीवाल्या ट्रीफॉइलवर वाढतात. तेव्हा नुसतं निळं पाखरू दिसलं म्हणून झाडाची खात्री धरू नका. पंखांची पांढरी किनार बघा. कॉमन ब्लूची किनार सलग पांढरी. अडॉनिसच्या किनारीला काळ्या रेघा आडव्या कापत जातात, नारायणपेठी साडीच्या काठासारख्या म्हटलं तर आई चिडेल, पण माझ्या डोक्यात ते तसंच बसलंय.

एखादी तपकिरी मादी जमिनीलगत सरपटल्यासारखी उडत, थांबत, पोट वाकवत असेल तर तिचा पाठलाग न करता बसून बघा. अडॉनिसची मादी नालवालीच्या पानोळीच्या खालच्या बाजूला एकेक अंडं चिकटवते. ती उडून गेल्यावर भिंग लावा, पांढरा चपटा ठिपका दिसेल. मग झाडाच्या बुडाशी मुंग्या फिरतायत का बघा. अळी हिरवी, अंगावर पिवळ्या पट्ट्या, त्यामुळे पाना-फुलांत दिसेनाशी होते. तिच्या अंगातून गोडसर रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती असतात, तिला जपतात आणि रात्री मातीखाली झाकतात. अळी शोधायची तर मुंग्यांची वर्दळ शोधा, हा माझ्यापेक्षा कितीतरी जाणत्या माणसाने दिलेला सल्ला आहे आणि तो उपयोगी पडतो.

गवताच्या उंचीचा हिशेबही यात येतो. अडॉनिसला जेमतेम १ ते ४ सेंटिमीटर गवतातली नालवाली लागते, कारण आखूड गवताखालची जमीन तापते. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला, ससे पटापट मेले, गवत वाढलं, आणि झाड जागेवर असूनही अडॉनिस कितीतरी टेकड्यांवरून नाहीसं झालं. आज या जागांवर मेंढ्या सोडतात त्या म्हणूनच. मेंढ्यांनी फुलं खाल्ली म्हणून कुरकुरणारे नवखे मला दर वर्षी भेटतात. एक वर्ष मीही होते त्यांच्यात.

पायरी ७: नोंद करा, उपटू नका

१९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्यानुसार इथे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं बेकायदा आहे. राखीव जागांवर तर फूलही खुडू नका. येताना फाटक बंद करा, कुत्रा असेल तर पट्ट्याने बांधलेला असू द्या.

नोंद मात्र जरूर करा. आयरेकॉर्ड किंवा आयनॅचरलिस्ट ही अ‍ॅप फुकट आहेत. चार फोटो टाका: अख्खा पुंजका, पान, बाजूने फूल आणि शेंग. बहुतेक लोक फक्त वरून घेतलेला फुलाचा फोटो टाकतात आणि तपासणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. पानाखाली आपलं बोट धरा, आकार कळतो. शेंग त्या दिवशी नसेल तर नोंद थांबवू नका, जुलैत नवी नोंद टाका.

घरी लावायची असेल तर स्थानिक रानफुलांचं बी विकणाऱ्यांकडून पुडी आणा. बीचं कवच टणक असतं, म्हणून बिया दोन सँडपेपरांमध्ये हलक्या हाताने घासून घ्या आणि शरद ऋतूत पेरा. कुंडी खोल हवी. माती थोडी, चुनखडीची बारीक खडी जास्त. शेणखत, कंपोस्ट, चहाचा चोथा यातलं काहीही घालायचं नाही, आणि आपल्या हातांना हेच सगळ्यात कठीण जातं. मी पहिल्या खेपेला सवयीने मूठभर कंपोस्ट घातलं होतं. कुंडीत गवत टरारून आलं आणि नालवाली दबून गेली. दुसऱ्या खेपेची कुंडी आता दक्षिणेच्या खिडकीखाली आहे, पहिल्या वर्षी नुसती पानं आली, फुलं दुसऱ्या मेमध्ये. मागच्या आठवड्यात शेजारच्या आजी कुंपणावरून वाकून विचारत होत्या, हे करीमध्ये घालता येतं का म्हणून.